मागच्या बाजूला, पेन्सिलनं

रेस्टहाउसच्या माळ्यावर
चुन्याच्या पोत्याखाली सापडल्या
काचेच्या एकवीस पाट्या.
तीन फुटलेल्या.
रेंजरसाहेबांचा फोन आला:
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो
सगळ्या परतवाड्यात तूच एक आमच्या ओळखीचा,
बघ काय निघतं.

निघालं ते असं:
काळं आभाळ, काळे दात,
पांढऱ्या केसांची लहान लहान पोरं.
मग स्कॅनरवर एक बटण दाबलं
आणि ऐंशी वर्षांची रात्र
माणसांच्या अंगावरून उतरली.

प्रत्येक काचेच्या कडेला
बारीक साहेबी अक्षरात काही लिहिलेलं.
कोरकू, पुरुष.
कोरकू, स्त्री, दळताना.
कोरकू, समूह.
साग, घेर सात फूट दोन इंच.

सागाचं माप तेवढं नेमकं.

मी धिकार. आजा याच डोंगरातला.
कोरकू मला मोजून चाळीस शब्द येतो,
त्यातले दहा शिव्या.
तरी प्रिंट काढल्या, पिशवीत घातल्या,
आणि एसटीनं खाली अकोटकडे गेलो,
जिथं आमचं गाव आता सपाटीवर आहे,
रांगेत, घरांना नंबर,
आणि दारातून कुठूनही डोंगर दिसत नाही.

बुंदाय कासदेकर चेहरे बघतच नव्हती.
ती बघत होती पायवाट,
कुडाच्या भिंतीवरचा हात,
मोहाखालची झाडलेली जागा.
मी म्हटलं, मावशी, माणसं ओळख.
ती म्हणाली, थांब ना बापा, आधी घरात तर शिरू दे.

नवव्या प्रिंटमधली बाई हललेली.
जातं स्पष्ट, खुंटा स्पष्ट,
बाईच्या जागी नुसतं धुकं, बांगड्यांसकट.
ही मी वगळणार होतो.
बुंदायनं तीच उचलली.
सामोती! म्हणाली, ही सामोती हाय.
साहेब बोलला असन, हलू नको,
ही कवा कोणाचं ऐकत होती?
आणि हसताना तिला ठसका लागला.

मग ओटा भरला.
पावावाला हिराजी की त्याचा भाऊ मन्या
यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं,
एक जण चहा न पिता उठून गेला.
मी दोन्ही नावं लिहिली, मध्ये प्रश्नचिन्ह.
सागाचंही नाव निघालं.
त्याच्यावर चढून मध काढणारा
खाली पडला होता, म्हणून त्याला
सासरा म्हणत.
लिहिलं: सासरा, घेर सात फूट दोन इंच.

सोळाव्या प्रिंटवर कोणी बोललं नाही.
लाकडाचे मुंडे, ओळीनं उभे,
त्यांवर कोरलेला चांद, सूर्य, घोडा,
आपापल्या मेलेल्याला धरून.
एकानं बोट ठेवलं, उचललं नाही.
हे तिकडंच राहिले, एवढंच म्हणाला.
तिकडे जायला आता पास लागतो,
आणि संध्याकाळी पाचच्या आत परत.

शेवटच्या प्रिंटमध्ये
पोरांच्या पायांशी एक सावली पडलेली,
टोपी, तीन पायांचं यंत्र.
मी विचारलं, हा?
सगळ्यांनी नीट पाहिलं,
चष्मा एकमेकांना देऊन पाहिलं.
नाही, आपल्यातला नाही.
बुंदाय म्हणाली, लिही ना मग,
साहेब, पुरुष.

एका पोराचं नाव मिळालं नाही.
हातात बेचकी, एक डोळा मिटलेला.
त्याची मागची बाजू कोरी आहे,
तो दुकानात, काउंटरच्या वर.
गिऱ्हाइकं विचारतात, तुमचा कोण?
मी म्हणतो, अजून कळलं नाही.
काल एक बाई आली, पिंपळखुट्याकडची,
पासपोर्ट फोटो, मांडीवर वर्षाचं लेकरू.
मी कॅमेरा लावला,
रोजचं वाक्य ओठांवर आलं,
आणि लेकरानं मान फिरवली
वर, त्या बेचकीवाल्याकडे.

तीनदा काढला.
तिन्ही हललेले आहेत.
तिला म्हटलं, सरकारी कामाला चालणार नाहीत,
पण हे ठेवा.
मागे नाव लिहून दिलं,
तिनं सांगितलं तसं.